बिनसांध्याचं छत

“आणि विशेष म्हणजे, या संपूर्ण कामात एकाही कामगाराला साधं खरचटलंसुद्धा नाही,” आम्रपाली म्हणाली आणि वर बोट करून पुढच्या मुद्द्याकडे वळली. पंचवीसेक माना एकदम वर झाल्या. चंपाची मान तेवढी खालीच राहिली. ती फरशी बघत होती. घुमटाच्या मधोमध गोल झरोका होता आणि त्यातून आलेलं सकाळचं ऊन खुर्च्यांच्या दोन रांगांवर आणि मधल्या वाटेवर पडलं होतं. फरशी काळी, गुळगुळीत, पुसून लखलखीत केलेली. तेव्हा फरशी नव्हती. तेव्हा तिथे मुरूम होता, वाळूच्या चाळणीतून उरलेले गोटे होते, एक तुटकी बादली होती. चंपाला बादलीसुद्धा आठवली याचं तिचं तिलाच नवल वाटलं. शेजारच्या तरुणाने मोबाईल वर धरून छताचा फोटो काढला, मग तो जरा मागे सरकला आणि बरोबर त्या उन्हात उभा राहिला. चंपा पटकन म्हणाली, “तिथे नको.” त्याने वळून पाहिलं. “काय झालं, आजी?” चंपा पुन्हा फरशी बघायला लागली. तो हसून बाजूला झाला. म्हाताऱ्या माणसांचं ऐकावं तसा.

साधं खरचटलंसुद्धा नाही. आम्रपालीने हे वाक्य मनाचं घातलेलं नव्हतं. संस्थेने सुवर्णमहोत्सवाला काढलेल्या पुस्तिकेत ते छापलं होतं आणि ती पुस्तिका गेले पंधरा दिवस विश्रांतवाडीच्या घरात जेवणाच्या टेबलावर पडलेली होती. चंपाने ती उघडली नव्हती. शहरातल्या जुन्या-नव्या इमारती दोन दिवस सगळ्यांना आत जाऊन बघता याव्यात, असा हा कार्यक्रम आम्रपालीच्या तीन माणसांच्या कचेरीने आखला होता. सून वास्तुरचनाकार आहे हे चंपा बालवाडीत बरोबर शिकवणाऱ्या जुन्या मैत्रिणींना अभिमानाने सांगायची, पण तिला काम करताना तिने कधी पाहिलं नव्हतं. “आई, रविवारी चला ना माझ्याबरोबर,” आम्रपाली जेवताना म्हणाली होती. “सकाळी विश्रामबागवाडा, मग सदाशिव पेठेतलं एक गोल सभागृह. फार सुंदर आहे. त्याच्या दुरुस्तीचं काम मला मिळेल असं दिसतंय, फक्त सचिवांची सही व्हायचीय.” गोल म्हटल्यावर चंपाच्या हातातला घास हातातच राहिला होता. पन्नास वर्षांत ती त्या गल्लीतून गेली नव्हती. लक्ष्मी रोडला कपडे घ्यायला आली तरी अलीकडूनच परतायची. समाधान, तिचा मुलगा, लहानपणी विचारायचा, “आई, आपण नेहमी लांबून का जातो?” त्याला तिने काहीबाही सांगितलं होतं. आम्रपालीला मात्र ती “येते” म्हणाली. का म्हणाली हे तिला कळलं नाही. बहुतेक असं वाटलं असेल, की आता अडुसष्टावं चाललंय, एकदा नुसतं बघून यावं. गप्प बसून.

आणि सकाळपासून ती गप्पच होती. विश्रामबागवाड्याच्या लाकडी खांबांपुढे सगळे उभे राहिले, आम्रपाली सांगत होती की दुसऱ्या बाजीरावाने तो बांधला. चंपाने मनात विचारलं, त्याने स्वतः रंधा मारला का? बालवाडीत मुलांनी असंच विचारलं असतं. तिला हसू आलं होतं. ज्या पेशव्यांच्या राज्यात आपल्या माणसांना या रस्त्यावर सावली जपून चालावं लागायचं, त्यांच्या वाड्यात आपली सून पुढे उभी राहून पेठेतल्या लोकांना त्यांचाच वाडा समजावून सांगते आहे, या गोष्टीचा तिला झालेला आनंद साधा नव्हता. तो तिला पायात जाणवत होता. दगडी पायऱ्या ती मुद्दाम मधोमध पाय ठेवून चढली. तो आनंद इथे, या दारापर्यंत टिकला होता. दारात संस्थेचे सचिव यज्ञेश्वर उभे होते; सत्तरीचे, खादीचा कडक कुडता, हातात पाहुण्यांची यादी. “आपण?” त्यांनी विचारलं. “माझ्या सासूबाई,” आम्रपालीने सांगितलं. “वा, या, या. चपला बाहेर. पाणी हवं असल्यास बाहेरच प्यावं.” आणि मग ते वाक्य.

“आता या छताचं वैशिष्ट्य बघा,” आम्रपाली म्हणत होती. तिचा आवाज किती छान लागत होता. “एवढा मोठा घुमट, पण यात एकही सांधा नाही. काँक्रीट थोडं टाकून थांबलात आणि दुसऱ्या दिवशी पुढचं टाकलंत तर मधे जोड राहतो, पुढे तिथून पाणी झिरपतं. इथे पहाटे सुरू केलेलं काम अंधार पडेपर्यंत एकदाही थांबलं नाही. एकदाही! त्या काळात, बहुतेक सगळं हातांनी. म्हणून ते आजही एकसंध आहे.” कोणीतरी “ग्रेट” म्हणालं.

एकदाही थांबलं नाही हे खरं होतं. एवढं एक त्या सांगण्यात खरं होतं. बहात्तरच्या दुष्काळात करमाळ्याकडून उठून आलेली माणसं येरवड्याच्या खडकावर झोपड्या घालून राहिली होती आणि तिथून रोज पहाटे मुकादम जयसिंगच्या ट्रकमध्ये उभी राहून इकडे कामाला यायची. चंपा अठरा वर्षांची होती, वेणू एकोणीस. वेणूचं लग्न झालेलं होतं, नवरा गेनबा सळया वाकवायच्या कामावर. चुंबळ घट्ट कशी वळायची हे चंपाला वेणूने शिकवलं. त्याआधी पहिल्या दिवशी घमेल्याची कड डोक्यात रुतून रक्त आलं होतं. वेणू मोठ्याने हसायची. मुकादम ओरडला तरी हसू मधे तोडायची नाही, पूर्ण हसून मग गप्प व्हायची. घुमटाचा सळयांचा सांगाडा उभा राहिला तेव्हा तिने विचारलं होतं, “एवढ्या मोठ्या घरात राहणार कोण?” चंपाने मिस्त्रीकडून ऐकलेलं सांगितलं, की राहणार कोणी नाही, लोक येऊन बसणार, एक जण बोलणार आणि बाकीचे ऐकणार. “नुसतं ऐकायला?” वेणूला ते इतकं गमतीचं वाटलं की दिवसभर ती कोणाला तरी ते सांगत होती. स्लॅब भरायच्या दिवशी बायकांची रांग खालच्या मिक्सरपासून परांचीवरून थेट घुमटाच्या माथ्यापर्यंत लावली होती. हातातून हातात घमेलं. चंपाच्या वरच्या पायरीला वेणू. माथ्यावर झरोक्यासाठी गोल भोक सोडलं होतं, त्याच्या कडेने फळ्या टाकलेल्या, फळ्यांवर सिमेंटचं पाणी सांडून शेवाळासारखं निसरडं झालेलं. दुपारचे चार वाजले असतील. चंपाने घमेलं वर दिलं, वेणूने घेतलं. दोघींचे हात क्षणभर घमेल्याच्या एकाच कडेवर होते. मग चंपाने सोडलं. तिने नीट सोडलं होतं, वेणूने धरल्यावरच सोडलं होतं; याची उजळणी तिने नंतर इतक्या वेळा केली की आता तिला खात्री देता येत नव्हती. फळी हलली आणि वेणू त्या भोकातून गेली. ओरडली नाही. किंवा ओरडली असेल, मिक्सरच्या आवाजात कोणाला ऐकू आलं नाही. खाली त्या जागी टेकूच्या बल्ल्या नव्हत्या. माल ओढायच्या दोरीसाठी ती जागा मोकळी ठेवली होती. मोकळी जागा, मुरूम, तुटकी बादली. आणि वरून जयसिंग ओरडला, “थांबू नका! माल घट्ट होतोय! रांग जोडा, ए पोरी, वर सरक, रांग जोड!”

“आई, बरं वाटत नाही का?” आम्रपाली शेजारी येऊन हळूच विचारत होती. लोक वरच्या सज्जाकडे निघाले होते. “उकडतंय का? बसता का जरा?”

“हे खरचटलं नाही म्हणून कोणी सांगितलं?” चंपाने विचारलं.

“पुस्तिकेत आहे, आई. का?”

चंपाने हात वर केला. बालवाडीत मुलं करायची तसा, सरळ, कोपर कानाला लावून. तीस वर्षं तिने पोरांना शिकवलं होतं, की बोलायचं असलं की हात वर करायचा आणि बाईंनी बघेपर्यंत खाली घ्यायचा नाही. जिन्यावर पोचलेले लोक थांबले. “मला सांगायचंय,” ती म्हणाली. आवाज घुमटात गेला आणि मोठा होऊन परत आला. ती दचकली, पण थांबली नाही. “या कामावर एक बाई मेली. वेणू नाव तिचं. त्या वरच्या भोकातून पडली ती इथे. मी त्या कामावर होते. मी हा माल चढवलाय.”

मघाच्या तरुणाने आपल्या पायाखाली पाहिलं. यज्ञेश्वर दारातून सावकाश आत आले. “आजी,” ते म्हणाले, “आपली काहीतरी गल्लत होते आहे. पुण्यात गोल इमारती पुष्कळ आहेत.”

“मुकादमाचं नाव जयसिंग. मिक्सर मागच्या अंगाला होता, विहिरीपाशी. विहीर आहे का अजून?”

विहीर होती, किंवा बुजवलेली तरी होती. ते यज्ञेश्वरांच्या चेहऱ्यावर दिसलं. “असेल,” ते म्हणाले. “आपल्याला हे पन्नास वर्षांनी आठवलं का?”

“आठवण रोजची आहे. तुम्ही दार आज उघडलंत.”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. यज्ञेश्वरांचा सूर बदलला, पण अहोजाहो सुटलं नाही. “आपल्याकडे याचा काही पुरावा आहे का? कागद? पोलिसांत नोंद?”

“नोंद आहे ना,” चंपा म्हणाली. “मीच दिली. खोटी.”

हे मात्र तिने ठरवलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी तिला चौकीत नेलं होतं. जयसिंग होता, पोलीस होता, आणि धोतर-कोटातले एक गृहस्थ होते; त्यांनी तिला खुर्ची दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती खुर्चीवर बसली. “मुली, ती बाई काल कामावर आलीच नव्हती ना?” त्यांनी मायेने विचारलं. ते ‘ना’. बालवाडीत नंतर एक मदतनीस मुलांना असंच विचारायची, ‘तू रडणार नाहीस ना?’, तेव्हा चंपा तिच्यावर इतकी कडाडली की बिचारीला कारणच कळेना. त्या खुर्चीवर बसून चंपा ‘नाही’ म्हणाली. त्यांनी तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर ठेवला. गेनबाला त्याच आठवड्यात गावी पाठवून दिलं. पुढच्या महिन्यापासून चंपा येरवड्याच्या बुद्धविहारात रात्रशाळेला जायला लागली. सगळे म्हणाले, पोरगी हुशार, शिकायची हौस आहे. हौस कसली. तिला तो अंगठा पुन्हा कोणाच्या हाती द्यायचा नव्हता.

हे सगळं तिने तिथे सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की पडली, मेली, आणि आमच्याकडून खोटं वदवून घेतलं. पहिला गट गेला तेव्हा दोघं-चौघं येऊन तिच्याशी बोलले, एका बाईने हात हातात घेतला. मग आम्रपालीने तिला खांबाआड नेलं.

“मला आधी सांगायचं होतंत.”

“आधी सांगितलं असतं तर मला आणलं असतंस?”

आम्रपालीने विचार केला. खोटं बोलणं तिला जमायचं नाही, म्हणून तर ती चंपाची लाडकी होती. “नसतं,” ती म्हणाली. “आज नसतं. काम हातात आल्यावर आणलं असतं. आई, दोन वर्षं मी या माणसाच्या मागे आहे. आपल्या नावाकडे बघून तो आधी कागदच पुढे सरकवत नव्हता. आत्ता कुठे सही करायला तयार झालाय.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

चंपाला सुनेची दया आली आणि त्याच वेळी तिला स्पष्ट कळलं, की ही दया म्हणजे ती खुर्चीच आहे. मऊ बोलून बसवलेली. आता ती बसणार नव्हती. “अजून किती गट आहेत?” तिने विचारलं.

“तीन. तुम्ही रिक्षाने घरी जा, आई. मी ते वाक्य नाही म्हणणार. शब्द देते.”

“मी आहे इथेच.”

दुसऱ्या गटात म्हातारीकोतारी जास्त होती. आम्रपालीने शब्द पाळला. सभागृहाचं वर्ष सांगितलं, उंची सांगितली, आवाज कसा घुमतो ते टाळी वाजवून दाखवलं, बिनसांध्याचं छत सांगितलं आणि खरचटण्याचं वाक्य गाळून सरळ सज्जाकडे वळली. किती सफाईने वळली. जणू तिथे काही नव्हतंच. चंपा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. वाक्य गाळल्यावर जागा किती गुळगुळीत होते, हे तिने पाहिलं. आधी निदान वाक्य तरी होतं, खोटं ठरवता येण्यासारखं. तिने पुन्हा हात वर केला. आम्रपालीने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, मग पाहिलं. “बोला, आई,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता. चंपाने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी खुर्चीचं आणि अंगठ्याचंही सांगितलं. यज्ञेश्वर भिंतीला टेकून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी अतिशय सभ्यपणे सगळ्यांना बाहेर जायची विनंती केली, दिवे घालवले, मोठं दार ओढून घेतलं आणि आतून छापील वाटावं अशा सुरेख अक्षरात लिहिलेला एक कागद आणून दाराला चिकटवला: ‘अपरिहार्य कारणास्तव सभागृह आज पाहता येणार नाही. कारण विचारू नये.’ मग आम्रपालीला म्हणाले, “मॅडम, दुरुस्तीच्या कामाबद्दल आपण नंतर कधीतरी बोलू. घाई नाही.” आणि बाजूच्या छोट्या दाराने आत गेले.

आम्रपाली पायरीवर उभी राहिली. गल्लीत ऊन चढलं होतं. समोरच्या क्लासमधून सुटलेली मुलं सायकलींना टेकून मोबाईल बघत होती. “झालं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मी तुमच्यावर चिडलेय, आई. ते आजच्या आज जाणार नाही.”

“नको जाऊ दे,” चंपा म्हणाली.

“तुम्ही माझं काम घालवलंत.”

“हो.”

तेवढ्यात तिसरा गट कोपऱ्यावरून वळला. पुढे छत्री घेतलेले एक निवृत्त दिसणारे गृहस्थ, मागे वीसेक माणसं. गृहस्थांनी दारावरचा कागद चष्मा वर करून पूर्ण वाचला. “कारण विचारू नये म्हणे. मग आता विचारायलाच हवं. काय झालंय?”

आम्रपालीने कागदाकडे पाहिलं. चंपाला वाटलं, आता ती ‘तांत्रिक अडचण’ म्हणेल. ते म्हणणं सोपं होतं आणि तसं म्हटलं असतं तर चंपाने तिला दोष दिला नसता. पण आम्रपालीने गळ्यातलं ओळखपत्र काढून पिशवीत टाकलं. “सभागृह आज आतून दाखवता येणार नाही,” ती म्हणाली. “या माझ्या सासूबाई. चंपाबाई. यांनी हे बांधलंय. या सांगतील.”

चंपा पायरीवर उभी राहून बोलायला लागली. इथे घुमट नव्हता, आवाज परत येत नव्हता, तो सरळ रस्त्यावर जात होता. सायकलींपाशी उभी असलेली दोन मुलं जवळ आली. वेणूचं हसणं तिने सांगितलं, लोक नुसतं ऐकायला येणार या गोष्टीची वेणूला वाटलेली गंमत सांगितली, फळी सांगितली, मुरूम सांगितला. अंगठा सांगितला. थांबली. तिला वाटलं, झालं. छत्रीवाले गृहस्थ कागदाकडे, मग तिच्याकडे बघत होते. “पण बाई,” त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या विचारण्यात कुठेही ‘ना’ नव्हतं, “आम्हाला तर वाचायला दिलं होतं की काम दिवसभर एकदाही थांबलं नाही. माणूस पडल्यावरही नाही थांबलं?”

आम्रपालीने मान वळवून चंपाकडे पाहिलं. हा प्रश्न तिलाही सुचला नव्हता. चंपाच्या हातांना घमेल्याची कड जाणवली, ओली, वाळू लागलेली. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, तो गेला. समाधानला सांगितलं नव्हतं. विहारात डोळे मिटून बसल्यावर स्वतःलासुद्धा ती इथपर्यंत येऊ द्यायची नाही. मुकादम ओरडला, हे सांगता येत होतं. पोटाची भूक होती, वय अठरा होतं, सगळ्याच भ्यालो होतो, हेही सांगता आलं असतं आणि समोरच्या सगळ्यांनी ते समजून घेतलं असतं. समजून घ्यायला ती माणसं उत्सुकच दिसत होती.

“नाही थांबलं,” ती म्हणाली. “तिची जागा मोकळी झाली, म्हणून मी एक पायरी वर सरकले. खालून घमेलं आलं. ते मी घेतलं आणि वर दिलं. मग दुसरं आलं. अंधार पडेपर्यंत देत होते. काम संपल्यावर सगळ्यांना जिलबी वाटली, ती मी खाल्ली. छताला सांधा नाही तो त्यामुळे. आम्ही थांबलो असतो तर राहिला असता.”

एक स्कूटरवाला गर्दीमागे येऊन हॉर्न वाजवत थांबला. कोणी हललं नाही, तेव्हा त्याने इंजीन बंद केलं. आम्रपाली एक पायरी चढून चंपाच्या बरोबरीने येऊन उभी राहिली, तिच्याकडे न बघता. तिचा खांदा चंपाच्या खांद्याला लागला.

बाजूचं छोटं दार उघडलं. यज्ञेश्वर उंबऱ्यात उभे होते. त्यांनी रस्त्यावरच्या गर्दीवर नजर फिरवली, घड्याळ पाहिलं. “आपलं झालं का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” चंपा म्हणाली. “अजून चौथा गट यायचाय.”